वैशाखातला प्रवास आणि पाण्याची छागल

वैजापूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्या लिहितात, "भाचीच्या लग्नाला जीपने जायचे आहे. सोबत म्हाताऱ्या सासूबाई आणि दीड वर्षाचा नातू. दर खेपेला घरून नेलेले पाणी तासाभरात तापते, ताक आंबून जाते आणि वाटेत मिळेल ते प्यावे लागते. फ्रिज काही गाडीत नेता येत नाही. काय करावे?"

पत्र वाचले आणि आमची फजिती आठवली. ती आधी सांगते, उपाय मागाहून. कारण ठेच लागल्याशिवाय वाट नीट दिसत नाही, आणि निदान दुसऱ्याच्या ठेचेवरून तरी आपण शिकावे.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पैठण तालुक्यातून आम्ही कन्नडच्या पुढे एका गावी लग्नाला निघालो होतो. जीपमध्ये लहानमोठी नऊ माणसे. सकाळी सहाला निघायचे ठरले आणि निघालो नऊला. कुणाची वेणी राहिली, कुणाचा आहेर राहिला. पाण्याचा मोठा प्लॅस्टिकचा जार मागे ठेवला. माझ्या पुतणीचे लेकरू सोबत होते. त्याच्यासाठी थर्मासात दूध भरले, तेही कोमट. म्हणजे वाटेत लगेच पाजता यावे. आपण फार शहाणपणा केला असेच तेव्हा वाटले.

आमच्या चुलत सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते माळ्यावरची जुनी कॅनव्हासची छागल घेऊन आले. पोरे हसायला लागली. "अण्णा, ही पखाल कुठं नेता?" ड्रायव्हर म्हणाला, "आता ठायी ठायी बाटल्या मिळतात की." अण्णांनी कुणाला उत्तर दिले नाही. रात्रभर बादलीत भिजत घातलेली छागल त्यांनी दोनदा विसळली, उकळून गार केलेले पाणी तिच्यात भरले, बूच लावले आणि जीपच्या बाहेरच्या अंगाला, सावलीच्या बाजूने, दोरीने घट्ट टांगली.

छत्रपती संभाजीनगर ओलांडले, दौलताबादचा किल्ला दिसायला लागला आणि टायर बसला. जादा टायर काढला तर त्यातही हवा नाही. एकजण टायर घेऊन माघारी गेला. दोन तास आम्ही लिंबाखाली बसून होतो. जारमधले पाणी इतके तापले होते की तोंडात धरवेना. पुतणीने लेकराला थर्मासातले दूध पाजले. बाकीच्यांनी तिथेच एका हातगाडीवर बर्फ घातलेले सरबत घेतले. गार लागले, बरे वाटले, आणखी एकेक पेला झाला.

संध्याकाळी मांडवात पोहोचलो तोवर लेकराला उलट्या सुरू झाल्या. रात्री पाचजणांची पोटे बिघडली. लग्न बाजूला राहिले आणि लेकरू दोन दिवस सलाईनवर होते. देवाच्या कृपेने निभावले. अण्णांना मात्र काही झाले नाही. टायर दुरुस्त होऊन आला तेव्हा त्यांनी छागलीचे बूच काढून सर्वांना पाणी दिले होते. बाहेर असे ऊन, आणि पाणी माठातल्यासारखे गार! तेव्हा पोरे गप्प झाली.

त्या दिवशी दोन गोष्टी पक्क्या समजल्या. गार करण्याची सोय आपल्याकडे आहे, आपणच ती माळ्यावर टाकून दिली आहे, ही पहिली. गार म्हणजे शुद्ध नव्हे, ही दुसरी. आजचे सारे सांगणे या दोन गोष्टींभोवती आहे.

ओल्या लुगड्याचे शास्त्र

नदीवरून न्हाऊन येताना ओले लुगडे अंगावर असले आणि वारा सुटला, तर भर उन्हाळ्यातही अंगावर काटा येतो. का? पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. चुलीवर ती जाळाकडून मिळते. लुगड्यातले पाणी ती आपल्या अंगाकडून घेते, म्हणून अंग गार पडते. माठ पाझरतो, छागल घामेजते, त्यामागे हेच एक कारण आहे.

ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. म्हणजे छागलीच्या कापडावरून पेलाभर, २०० मिलिलिटर पाणी उडाले, तर हिशेबाने आतले दहा लिटर पाणी अकरा अंशांनी उतरावे. प्रत्यक्षात काही उष्णता बाहेरच्या हवेतून येते, म्हणून तितके उतरत नाही. तरीही पेलाभर पाण्याच्या बदल्यात छागलभर गारवा, हा सौदा कुणाला महाग पडणार?

मात्र याला दोन अटी आहेत. हवा कोरडी हवी आणि वारा हवा. आपल्या मराठवाड्यात चैत्र-वैशाखातली हवा अगदी कोरडी असते. पापड एका दिवसात वाळतात ते त्यामुळेच. हवेचे तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या कापडाला २२-२३ अंशांपर्यंत उतरता येते. व्यवहारात २५-२६ अंशांचे पाणी हाती आले तरी घशाला ते अमृतच. उलट कोकणात हवा ३३ अंशच असते, पण आर्द्रता ७० टक्के असेल तर हीच छागल २८ अंशांच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणून मुंबईच्या पाहुण्याला आपल्या माठाचे कौतुक वाटते आणि आपण मुंबईला माठ नेला तर तो रुसतो. माठाचा दोष नाही, हवेचा गुण आहे.

वारा तर प्रवासात फुकट मिळतो. घरी माठाला वाऱ्याची वाट पाहावी लागते. जीप, टेम्पो, मोटारसायकल आपला वारा आपणच तयार करते. ज्या उन्हात आणि वाऱ्यात आपण हैराण होतो, तेच पाणी गार करतात.

आपल्या शहरातली पाणचक्की पुष्कळांनी पाहिली असेल. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत आहे. बाहेर ऊन तापलेले असताना त्या दालनात पाऊल टाकले की गारवा जाणवतो. डोक्यावर पाणी आणि वर उघडी हवा, एवढेच त्याचे यंत्र. विजेची तार नसलेल्या काळात आपल्याच भागातल्या कारागिरांनी ते केले. पुढच्या खेपेला बाजाराला गेलात तर लेकरांना तिथे नेऊन दाखवा.

छागल, केळी आणि ओले गोणपाट

छागल मिळाली तर उत्तम. नवी छागल पहिल्यांदा भरली की गळते, म्हणून घाबरू नये. रात्रभर भिजली की कापडाचे धागे फुगतात, भोके बुजतात आणि मग ती नुसती घामेजते. पहिल्या दोन वेळचे पाणी टाकून द्यावे, त्याला कापडाचा वास येतो. साबण किंवा तेल लावू नये. टांगताना इंजिनाच्या गरम हवेपासून आणि तापलेल्या पत्र्यापासून दूर, वारा लागेल पण धूळ तोंडाशी उडणार नाही अशी टांगावी. तोंड लावून पिऊ नये. पेल्यात ओतून घ्यावे. परत आल्यावर उलटी टांगून कडकडीत वाळवावी, नाहीतर बुरशी धरते आणि पुढच्या वर्षी टाकून द्यावी लागते.

छागल नसेल तर मातीची केळी किंवा सुरई आहे. ती फुटते, हा एकच तिचा अवगुण. त्यावर आपल्या आयांनी उपाय करून ठेवला आहे: खाली चुंबळ, भोवती शिंके. पाय ठेवायच्या जागी केळी ठेवू नये. शिंक्यात घालून टांगली तर धक्के शिंके खाते आणि पाणी शांत राहते. बाहेरून रंगवलेली, चकचकीत केळी घेऊ नका. रंगाने भोके बुजतात आणि मग ती नुसती दिसायला उरते. जुन्या माठाला घासणीने आणि साबणाने घासले तरी हेच होते. त्याला आतून नुसत्या काथ्याने घासावे आणि उन्हात वाळवावा.

दोन्ही नसेल तर स्टीलची बरणी घ्या. तिला गोणपाट किंवा जुने सुती धोतर दुहेरी गुंडाळा, ओले करा आणि खिडकीशी वारा लागेल असे बांधा. दर अर्ध्या-पाऊण तासाला त्यावर थोडे पाणी शिंपडा. कापड कोरडे पडले की खेळ संपला. शिंपडायला वेगळी बाटली ठेवा, त्यासाठी पिण्याचे पाणी खर्चू नका. जाड प्लॅस्टिकच्या जारला हा उपाय फारसा लागू पडत नाही, कारण जाड प्लॅस्टिकमधून उष्णता सावकाश बाहेर पडते. पातळ बाटल्या मात्र ओल्या मोज्यात घालून टांगल्या तरी चालतात. मोजे नवे घ्या म्हणजे झाले!

एक चूक पुष्कळजण करतात. ओला माठ किंवा ओली बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करतात, नाहीतर गाडीच्या डिकीत ठेवतात. वारा नाही तिथे वाफ नाही, आणि वाफ नाही तिथे गारवा नाही. ओलेपणा आणि वारा हे नवरा-बायकोसारखे आहेत. एकटा कुणी संसार करू शकत नाही.

बर्फ न्यायचा तर कसा

दूध न्यायचे असेल, औषध न्यायचे असेल, किंवा पावसाळ्यात, कोकणात जायचे असेल, तर ओले कापड पुरत नाही. तिथे बर्फ हवा.

आता गावोगावी फ्रिज आले आहेत. ज्यांच्या घरी नसेल त्यांना शेजारी नाही म्हणणार नाहीत. उकळून गार केलेले पाणी बाटल्यांत भरून आदल्या रात्री वरच्या खणात ठेवावे. बाटली पाऊणच भरावी. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे नऊ टक्के फुगतो आणि काठोकाठ भरलेली बाटली फुटते. असा बाटलीतला बर्फ सर्वांत चांगला: बाहेर सांडत नाही, दुसऱ्या वस्तूला लागत नाही आणि वितळला की तेच आपले घरचे पिण्याचे पाणी.

एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. म्हणजे चार लिटर ताक ३० अंशांवरून १० अंशांवर आणायला हिशेबाने किलोभर बर्फ पुरे. मग वाटेत बर्फ पुरत नाही तो का? कारण आपण तो बाहेरची हवा गार करण्यात घालवतो. दर दहा मिनिटांनी झाकण उघडले की आतली गार हवा बाहेर आणि बाहेरची झळ आत.

बर्फ राखायचे तंत्र जुनेच आहे. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ भरलेले एक जहाज कलकत्त्याला आले. चार महिने समुद्रात काढून, विषुववृत्त ओलांडूनही, १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. फ्रिज नसलेल्या त्या काळात हे साधले, कारण बर्फ मोठ्या लाद्यांत आणि मोठ्या साठ्यात होता आणि उष्णता आत शिरू नये अशी जहाजाची कोठी बांधली होती. आपल्यालाही तेवढेच करायचे आहे.

थर्माकोलची पेटी असेल तर ती, नसेल तर पत्र्याचा डबा आणि त्याभोवती गोधडी. गोधडी ऊब देते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ती नुसती उष्णता अडवते. थंडीत अंगातली बाहेर जाऊ देत नाही, उन्हाळ्यात बाहेरची आत येऊ देत नाही. मात्र ती कोरडी हवी. ओली गोधडी उष्णता अडवत नाही. पेटीच्या तळाशी आणि वर बर्फाच्या बाटल्या, मध्ये आधीच गार केलेल्या वस्तू. गरम वस्तू आत ठेवली की बर्फ तिच्यावरच संपतो. मोकळी जागा वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी ठासून भरावी. बर्फ फोडू नये. चुरा लवकर वितळतो, लादी टिकते. पेटीवर ऊन येऊ देऊ नये. वारंवार लागणारे पाणी छागलीत ठेवावे आणि पेटी फक्त जेवणाच्या वेळी उघडावी. हा नियम पाळला तर पेटी दिवसभर साथ देते.

गुरांची लस आणणारे डॉक्टर तुम्ही पाहता. लाळ-खुरकुताची लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. तेवढ्यासाठी ते बर्फाची पेटी बाळगतात आणि काम असेल तेव्हाच ती उघडतात. आपल्या लेकराच्या दुधाला तरी तेवढी शिस्त नको का?

युरियाची बादली आणि बादशहाचे पाणी

फवारणीसाठी बादलीत युरिया विरघळवताना बादली गार पडते, हे तुमच्या हाताने अनुभवलेच असेल. काही क्षार विरघळताना पाण्यातली उष्णता शोषून घेतात. अकबर बादशहाच्या वेळी सोरा विरघळवून पिण्याचे पाणी गार करण्याची रीत होती, तिची नोंद अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त केली आहे. सोऱ्याच्या पाण्यात बंद भांडे फिरवायचे, म्हणजे आतले पाणी गार होते.

हे गंमत म्हणून सांगितले. कृपा करून कुणी शेतातला युरिया घेऊन हा प्रयोग पिण्याच्या पाण्यावर करू नका. खताचा हात पिण्याच्या भांड्याला लागता कामा नये, आणि प्रवासात तर मुळीच नको.

गाडीतला फ्रिज

माझा पुतण्या पुण्याला असतो. त्याने गाडीत विजेवर चालणारी छोटी पेटी बसवली आहे. परदेशात तर लोक अख्खे घरच चाकांवर बसवून फिरतात. त्यात चूल, बिछाना, फ्रिज सगळे असते. आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र शासनाने अशा कॅराव्हॅन गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण ठरवले. त्या गाड्यांतले काही फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतात. जाळावर गारवा, ऐकायला नवल वाटते! १९२२ साली स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, ही युक्ती शोधली. मात्र तो फ्रिज सपाट जागी उभा असावा लागतो. गाडी कलती राहिली की त्याचे काम बिघडते.

फिरता संसार आपल्यालाही नवा नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे बैलगाडीत नाहीतर ट्रकवर सगळे घर बांधून नेतात. धनगर बांधव मेंढरांमागे आठ-आठ महिने हिंडतात, घोड्यावर चूल-बोळके आणि लेकरू. त्यांच्या पाण्याला फ्रिज नसतो. वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा किंवा ओल्या फडक्यातली कळशी, यांवरच त्यांचे उन्हाळे जातात.

कुणी गाडीतली स्वस्त विजेची पेटी घेणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तिच्यातल्या पुष्कळशा पेट्या बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच गार करतात. म्हणजे बाहेर ४२ असेल तर आत २२ ते २७. तेवढे काम तर छागलही करते. आणि इंजिन बंद करून पेटी चालू ठेवली तर बॅटरी उतरते. मग पाणी गार, पण गाडी ढकलायला सगळे वऱ्हाड खाली!

गार म्हणजे शुद्ध नव्हे

आता मुख्य गोष्ट. थंडीने जंतू मरत नाहीत. ते फक्त झोपतात, आणि पोटात जाऊन पुन्हा जागे होतात. बर्फात गोठलेले जंतूही तसेच. ज्या पाण्याचा बर्फ केला ते घाण असेल तर बर्फही घाणच.

कारखान्यात मासळी किंवा इतर माल टिकवण्यासाठी जो लादीचा बर्फ करतात, तो खाण्यासाठी नसतो. असा बर्फ सरबतात जाऊ नये म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यात निळा रंग घालण्याची सक्ती केली. तेव्हा निळसर बर्फ दिसला तर तो पोटात घालायचा नाही, एवढे लेकरांनाही शिकवून ठेवा. पण पांढरा दिसला म्हणून तो शुद्धच, असेही समजू नका. तो कुठल्या पाण्याचा आहे, गोणपाटात कुठून कुठून फिरून आला, हे आपल्याला माहीत नसते. त्या दिवशी दौलताबादपाशी आम्ही हेच विसरलो.

म्हणून पाणी घरूनच न्यावे. आदल्या रात्री खळखळ उकळून झाकून गार करावे आणि मग छागलीत भरावे. माणशी दिवसाला चार-पाच लिटर तरी धरावे. वैशाखात कमी पडते, जास्त कधी होत नाही.

लेकराचे दूध, घरचे ताक

आमच्या थर्मासाची चूक आता नीट सांगते. थर्मास वस्तू गार करत नाही, गरमही करत नाही. जशी भरली तशी धरून ठेवतो. कोमट दूध भरले की तो कोमटपणा तासन्तास टिकवतो, आणि कोमट दुधात जंतू विरजणासारखे वाढतात. दही लावायला आपण हेच तर करतो! तेव्हा दूध न्यायचे तर उकळलेले कढत भरा आणि थोड्या तासांत संपवा. नाहीतर फ्रिजमध्ये अगदी गार करून, बर्फाच्या पाण्याने थर्मास आधी विसळून, मग भरा. अधलेमधले दूध नको. उरलेले लेकराला पुन्हा पाजू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचे दूधच पुरे. त्याला वरचे पाणीही लागत नाही. सोय, पैसा, शुद्धता, तिन्ही त्यात आली.

ताक नेण्यापेक्षा घट्ट दही न्यावे. ताजे विरजलेले दही छोट्या मडक्यात, वर ओले फडके बांधून. वाटेत छागलीचे गार पाणी घालून रवीने घुसळले की ताजे ताक तयार. मीठ-जिरे पुडीत वेगळे. पन्ह्याचेही तसेच: कैरीचा गर, गूळ, मीठ एकत्र करून बरणीत न्यावे आणि ऐनवेळी पाणी घालावे. पाच लिटर पन्हे गार ठेवण्यापेक्षा एक बरणी गर सांभाळणे सोपे, आणि गार पाणी तर आपल्याजवळ आहेच. ताक, लिंबू, कैरी यांना पितळेचे किंवा तांब्याचे भांडे नको. कल्हई उडालेली असेल तर ते कळकते आणि मळमळते.

सासूबाईंना जपा

म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते. त्या "नको गं माय, वाटेत उतरावं लागतं" म्हणून पाणी टाळतात. त्यांना विचारू नका, दर अर्ध्या तासाला पेला हातात द्या. उतरण्याची सोय बघून गाडी थांबवणे हे ड्रायव्हरचे नव्हे, आपले काम आहे.

कुणाला उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून विरघळवावे आणि घोट घोट पाजावे. मीठ जास्त होऊ देऊ नये.

आणि कुणाचे अंग तव्यासारखे तापले, बोलणे असंबद्ध झाले, डोळे फिरले, तर तो उष्माघात समजा. तिथे गार सरबताने भागत नाही. सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी शिंपडून वारा घाला, ओली फडकी मानेला आणि काखेत ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाते. पाहा, इथेही उपाय तोच आहे: ओले कापड आणि वारा. छागल जशी गार होते, तसेच माणसाचे अंग.

निघण्याच्या आदल्या रात्री

वैजापूरच्या ताई, तुमच्यासाठी थोडक्यात लिहून देते. पाणी उकळून झाकून ठेवा. छागल बादलीत भिजत घाला. चार बाटल्या पाऊण भरून गोठवायला ठेवा. दही विरजा, कैरीचा गर करा. मीठ-साखरेची पुडी आणि चमचा पिशवीत टाका. आणि सर्वांत महत्त्वाचे, सहाला निघायचे ठरले तर सहालाच निघा. पहाटेचा गारवा कुठल्याही पेटीत मिळत नाही. हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीला जाणारी मंडळी रात्रीची पायी चालतात, ते उगीच नाही.

आमच्या अण्णांचे एक सांगायचे राहिले. टायर दुरुस्त करणारा पोरगा घामाने निथळत होता. छागलीत अखेरचे तांब्याभर पाणी उरले होते. पुतण्या म्हणाला, "अण्णा, पुढं लागंल आपल्याला." अण्णांनी तो तांब्या त्या पोरासमोर धरला. म्हणाले, "चैत्रात पाणपोई घालतात ती कुणासाठी? वाटंवरच्या माणसासाठीच ना?"

तेव्हा छागल भरताना आपल्या हिशेबापेक्षा दोन पेले जास्त भरा.